हिमाचे घर व पेंढ्याची खोप

कॅनडा, नॉर्वे, अमेरिकेचा उत्तर भाग इत्यादी देशांत हिवाळा पडला म्हणजे बालवीरांची पथके एक चमत्कारिक सहल काढीत असतात. मुले तंबू घरी ठेवतात, खांद्यावर फावडी घेतात, हिमाने झाकलेल्या माळावर जाऊन हिमाचेच घर रचतात आणि त्याच घरात रात्र काढतात. बाहेर पारा गोठणबिंदूच्या खाली वीस अंश उतरलेला असतो. आत मुले निजलेली असतात व सकाळी हसत बाहेर येतात. हे ऐकल्यावर आगाशीच्या मुलास पहिली शंका येते ती ही की, बर्फाच्या पेटीत ठेवलेला पापलेट जसा गार राहतो, तसा बर्फाच्या घरात निजलेला मुलगा गारठून का जात नाही? शंका अगदी योग्य आहे, आणि तिच्या उत्तराकरिता हिमालयापर्यंत जाण्याचे कारण नाही. ते आपल्या वाडीतच आहे.

ज्या सुकेळ्यांनी आगाशीचे नाव दूरवर नेले, ती राजेळी केळ्यांची होतात हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. घड उतरला म्हणजे फळे भाताच्या पेंढ्यात झाकून पिकत घालतात. आंब्याच्या दिवसांत आढी घालतात, तिचीही रीत हीच. अशा आढीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात घालून पहावा. आत चांगली ऊब लागते. ही ऊब कोठून आली? पेंढा तर वाळलेला, निर्जीव. त्याच्या अंगी उष्णता उत्पन्न करण्याची शक्ती नाही. उष्णता फळांची आहे. झाडावरून उतरले तरी फळ काही काळ श्वासोच्छ्वास करीत राहते, आणि त्या व्यापारात थोडी थोडी उष्णता बाहेर पडते. उघड्यावर ठेवलेल्या केळ्याची ती उष्णता वारा पळवून नेतो. पेंढ्याखालच्या केळ्याची तेथेच साठते. पेंढा केवळ राखणदार आहे.

आता फळाच्या जागी माणूस ठेवा. स्वस्थ बसलेला मनुष्य पूर्वीच्या शंभर वॉटच्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. झोपेत ती थोडी कमी होते, इतकेच. तीन मुले एका लहानशा जागेत निजली म्हणजे तेथे तीन दिवे जळत आहेत असे समजावे. त्या दिव्यांची ऊब जो राखील, तो चांगला निवारा. तो पेंढ्याचा असो, लोकरीचा असो, की हिमाचा असो.

पण हिमास हे काम कसे साधते? येथे आपल्या भाषेची एक अडचण आड येते. आभाळातून भुरभुरत पडते तेही आपण बर्फच म्हणतो, आणि कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून येते तेही बर्फच. या पाठापुरते तरी आपण पहिल्यास हिम व दुसऱ्यास बर्फ म्हणू. बर्फाची लादी भरीव असते. हिमाचे तसे नाही. ताज्या कोरड्या हिमाची टोपली भरून घेतली, तर तिच्यातील दहा भागांपैकी नऊ भाग नुसती हवाच असते. उरलेल्या एका भागात ते नाजूक स्फटिक. म्हणूनच भरीव बर्फातून उष्णता जितक्या त्वरेने निघून जाते, त्याच्या विसाव्या हिश्शानेही ती ताज्या हिमातून जात नाही. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. मात्र ती कोंडलेली, स्तब्ध असावी लागते. मोकळी हवा हलते, तापलेली वर जाते, गार खाली येते, आणि या येरझाऱ्यांत आपली ऊब घेऊन जाते. पेंढ्याच्या पोकळ काड्या, गोधडीतील कापूस, घोंगडीची लोकर, पक्ष्याची पिसे, आणि हिमाचे स्फटिक ही सर्व मंडळी एकच काम करतात; हवेला जागच्या जागी धरून ठेवतात.

ज्यांस हे पटत नाही त्यांनी घरी एक प्रयोग करावा. बर्फाचे दोन सारखे खडे घ्यावेत. एक ताटलीत उघडा ठेवावा, दुसरा कोरड्या लोकरीच्या कापडात गुंडाळावा, आणि कोणता आधी वितळेल हे घरच्या मंडळींस विचारावे. आमचा अनुभव असा की, दहांपैकी सात मंडळी कापडातील खड्याकडे बोट दाखवितात, कारण लोकर ‘गरम’ असते असे आपण म्हणतो. घटकाभराने कापड सोडले म्हणजे वाद मिटतो. बर्फ विकणारा आपली लादी लाकडाच्या भुशात व गोणपाटात का झाकतो, हेही त्याच वेळी कळते. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले, चार महिन्यांच्या प्रवासात दोनदा विषुववृत्त ओलांडून कलकत्त्यास पोहोचले, आणि तरी त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईसही असा बर्फ येऊ लागला. त्या जहाजावर यंत्र नव्हते. होता तो भुसा, आणि भुशात कोंडलेली हवा.

आता हिमाचे घर रचण्याच्या रीतीकडे वळू. चित्रांत दिसणारे घुमटाकार घर कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांचे. त्यास आपण इग्लू म्हणतो. परंतु त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ केवळ घर असा आहे, मग ते कशाचेही असो. वाऱ्याने दाबून घट्ट झालेल्या हिमाच्या विटा लांब सुरीने कापतात आणि त्या शंखाच्या वळणाप्रमाणे चढत्या फेऱ्यांत आत कलवीत रचतात. हे कसब आहे. ते एका सुटीत साधत नाही. म्हणून बालवीर बहुधा दुसरी, सोपी रीत घेतात. फावड्यांनी हिमाचा पुरुषभर उंच ढीग करावयाचा, तो तासाभराहून अधिक वेळ तसाच राहू द्यावयाचा, आणि मग आतून पोखरावयाचा.

या थांबण्यातच सारे मर्म आहे. उतावळी मुले येथे फसतात. फावड्याने उलटसुलट केलेले हिमाचे कण एकमेकांस टेकले म्हणजे टेकल्या जागी ते हळूहळू सांधले जातात. ढीग जणू आपल्या आपण शिवला जातो. मग त्याच्यात सुमारे वीतभर-सव्वा वीत लांबीच्या काड्या बाहेरून सर्वत्र टोचून ठेवतात. आतून पोखरणाऱ्यास काडीचे टोक दिसले की तेथे थांबावयाचे. अशाने भिंत कोठेही पातळ होत नाही. छत आतून गुळगुळीत घुमटासारखे करतात. तेथे खडबड राहिली तर प्रत्येक उंचवट्यावरून थेंब अंगावर गळतो, आणि गुळगुळीत असले तर पाणी भिंतीवरून ओघळून जाते. पोखरणारा मुलगा कधी एकटा नसतो. बाहेर दुसरा फावडे घेऊन उभा असतो, आणि छतावर चढण्याची सक्त मनाई असते.

दार ठेवण्यातही युक्ती आहे. ते निजण्याच्या ओट्याहून खाली असते. गार हवा जड म्हणून ती दाराकडील खोलगट भागात उतरून राहते, आणि माणसांच्या अंगची ऊब वर ओट्याशी टिकते. चांगल्या घरात बाहेर उणे चाळीस अंश असतानाही आत पारा गोठणबिंदूच्या आसपास राहू शकतो. (उणे चाळीस हा आकडा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे, शतांश मापाचे व फॅरनहाइटचे अंश याच एका ठिकाणी जुळतात.) गोठणबिंदू म्हणजे काही ऊब नव्हे, असे कोणी म्हणेल. पण चाळीस अंशांचा फरक, तोही विस्तवावाचून, हा जगणे व मरणे यांमधील फरक आहे.

१९१२ साली दक्षिण ध्रुवाकडील कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील एका तुकडीवर हीच वेळ आली. व्हिक्टर कॅम्बेल व त्यांचे पाच सोबती यांस घेण्यास येणारे जहाज समुद्र गोठल्यामुळे पोहोचू शकले नाही. उन्हाळी कपडे, थोडके अन्न, पुढे सहा महिन्यांचा हिवाळा व काळोख. त्यांनी हिमाच्या कड्यात एक गुहा खोदली, जमिनीवर खडे व वाळलेले समुद्रशैवाल अंथरले, सीलच्या चरबीचे दिवे लावले, आणि मार्चपासून सप्टेंबरअखेर तीत दिवस काढले. सहाही जण जिवंत परतले. मात्र मध्यंतरी एका वादळात गुहेचे तोंड व धुराडे हिमाने बुजले, आतले दिवे मंदावून विझू लागले. कारण काय ते वेळीच उमगले म्हणून बरे. थंडीने त्यांस मारले नसते, परंतु त्यांच्या स्वतःच्या दिव्याने मारले असते.

हा मुद्दा आम्ही मुद्दाम लांबवून सांगत आहो, कारण तो आगाशीसही लागू आहे. हिमाच्या प्रत्येक घरास छतात मुठीएवढे भोक ठेवतात आणि ते बुजू नये म्हणून रात्री काठी घालून मोकळे करतात. ऊब राखण्याच्या भरात मनुष्य हवा येण्याची वाट बंद करतो, आणि आत कोळसा, लाकूड वा तेल जळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्यास वास नाही, रंग नाही. डोके जड होते, झोप येते, आणि ती झोप अखेरची ठरते. उत्तर हिंदुस्थानात बंद खोलीत शेगडी पेटवून निजलेली कुटुंबेच्या कुटुंबे दर हिवाळ्यात अशा रीतीने दगावल्याचे आपण वाचतो. आपल्याकडे शेगडी मागे पडली. परंतु लहानशा न्हाणीघरात दार-खिडकी लावून चालणारा गॅसचा बंब त्याच जातीचा आहे. पालकांस विनंती की, त्या खिडकीची एक काच थंडीतही उघडी ठेवावी.

हिमाखाली हवेची जेवढी पोकळी तेवढेच आयुष्य, हे आपल्या सैनिकांच्या बाबतीतही दिसून आले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीवरील ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशी त्यांत होते. धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड हे एकटे, अंगाभोवती हवेची थोडी पोकळी राहिल्यामुळे, आठ तारखेस जिवंत सापडले. अकरा तारखेस दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे प्राण गेले. घर म्हणून रचलेले हिम निराळे आणि अंगावर आलेले हिम निराळे.

येथपर्यंत वाचून एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल, ‘आपणांस हिम नाही, पण अर्नाळ्याची वाळू तर आहे, तिच्यात गुहा खोदू या.’ हे कधीही करू नये. आम्ही हा सारा पाठ लिहावयास घेतला तो अर्ध्याहून अधिक या एका वाक्यासाठीच. हिमाचे कण सांधले जातात, वाळूचे सांधले जात नाहीत. ओली वाळू उभी राहते ती कणांमधील पाण्याच्या पातळ पडद्यामुळे. ऊन-वाऱ्याने तो पडदा सुकला, किंवा वरून कोणी चालत गेले, की क्षणात भिंत ढासळते. आणि वजन पहा. घनमीटरभर ताजे हिम बहुधा शंभर किलोच्या आतच भरते. तितकीच वाळू सुमारे दीड टन. छातीपर्यंत पुरलेल्या मुलास तोंड उघडे असूनही श्वास घेता येत नाही, कारण छाती फुगण्यास जागाच उरत नाही. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात मागील दहा वर्षांतील असे ५२ अपघात नोंदले होते; त्यांत ३१ जण दगावले, आणि बहुतेक शाळकरी वयाचे होते. गुडघ्यापेक्षा खोल खड्डा किनाऱ्यावर खणू नये, आणि भुयार तर मुळीच नको.

मग आगाशीच्या मुलांनी हिवाळी सहलीत काय रचावे? आधी आपली थंडी ओळखली पाहिजे. पौषात येथे पारा फार तर पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. हिमदेशाच्या मुलास हे हवामान उन्हाळ्याचे वाटेल. तरीही किनाऱ्यावर उघड्यावर निजलेला मुलगा पहाटे कुडकुडतो. त्यास तीन गोष्टी लुटतात. पहिला मतलई वारा, जो रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुसरे आकाश. निरभ्र रात्री जमीन, पाने, आपले पांघरूण ही सर्व आपली उष्णता किरणरूपाने वर आकाशात टाकीत असतात, आणि सभोवतीच्या हवेहूनही गार होतात; म्हणून त्यांवर दव धरते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी काही पहाटे गवतावर हिमकण दिसतात ते याच कारणाने. मोठ्या आंब्याखाली मात्र दव पडत नाही, कारण तेथे जमिनीला आकाश दिसत नाही. तिसरी लुटारू खुद्द जमीन. पाठीखालचे पांघरूण अंगाच्या भाराने दबते, त्यातील हवा निघून जाते, आणि वाळू पाठीची ऊब शोषून घेते. कॅम्बेल यांच्या मंडळींनी शैवाल अंथरले ते उगाच नव्हे.

तेव्हा आमची खोप या तिघांच्या बंदोबस्ताची. आम्ही ती सुरूच्या बनाच्या कडेस, भरतीच्या रेषेपासून पुष्कळ आत, नाताळच्या सुटीत बांधीत असतो. दोन मेढी रोवून त्यांवर बांबूचे आढे टाकावयाचे व दोहों बाजूंनी उतरते वासे लावावयाचे. बांधण्यास सुतळी नको. केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोऱ्या पाण्यात भिजवून घेतल्या तर पक्क्या बसतात. वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप खालून वर चढवीत जावयाचे, म्हणजे वरचा झाप खालच्यावर येतो आणि दव ओघळून बाहेर पडते. विणणे शहरी मुलांस जड जाते. ज्यांच्या घरी वाडी आहे ती मुले त्यांस शिकवितात, आणि वर्गात मागे बसणारा एखादा त्या दिवशी सर्वांचा गुरू होतो. पाठ पूर्वेस, म्हणजे मतलईकडे, बंद ठेवावी. दार पश्चिमेस, समुद्राकडे, आणि वाकून जावे लागेल इतके ठेंगणे. आढ्याजवळ हातभर फट मोकळी सोडावी. खाली पेंढा अंथरावा तो दाबल्यावरही वीतभर राहील इतका. खोप लहान असावी. मोठी बांधण्याचा मोह सर्वांस होतो, पण रिकाम्या जागेस ऊब देण्यास कोणी शरीर नसते.

विस्तव खोपीत नेऊ नये. झाप व पेंढा यांस ठिणगी पुरते. तो खोपीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास, आणि निजण्यापूर्वी वाळूने पुरता विझवावा. काम करताना घाम आला की अंगरखा काढून ठेवावा. हा नियम हिमदेशांतील बालवीर फार कडकपणे पाळतात, कारण कपड्यातील हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता पंचवीसपट वेगाने निघून जाते. भिजला सदरा घालून निजणारा मुलगा पेंढ्यातही कुडकुडेल.

आम्ही तीन उष्णतामापके ठेवतो. एक बाहेर उघड्या वाळूवर, एक खोपीत हातभर उंचीवर, एक पेंढ्यात. विद्यार्थी आळीपाळीने जागून दर दोन तासांनी आकडे टिपतात. खोपीतील पारा बाहेरच्याहून फार वर राहत नाही, आणि याने प्रथम मुलांची निराशा होते. परंतु पहाटे बाहेरच्या चटईवर हात फिरविला तर तो ओला होतो, आतल्या चटईवर कोरडा राहतो. आणि पेंढ्यातील मापक पाहिले म्हणजे आढीची गोष्ट आपोआप आठवते. पारा हवेचे माप सांगतो, निजणाऱ्याच्या सुखाचे सांगत नाही, हे वहीत लिहून देण्यापेक्षा रात्री जागून कळलेले बरे.

या सहलीस मुलांस पाठवावे की नाही असे काही पालक विचारतात. एक रात्र थंडीत काढल्याने निरोगी मुलास अपाय होत नाही. दमा असलेल्या मुलाविषयी मात्र आधी वैद्याचा सल्ला घ्यावा व शिक्षकांस कळवावे. आणखी एक गोष्ट पालकांस ठाऊकच असेल. वसई व भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि पावसापूर्वी परत जातात. कच्च्या विटा रचून, वर गवत-पेंढा टाकून केलेल्या ठेंगण्या खोपटांत त्यांची लेकरे सारा हिवाळा निजतात. आमच्या मुलांची ती एका रात्रीची मौज आहे. म्हणून सहल संपल्यावर आम्ही झाप ज्याच्या त्याच्या वाडीत पोचते करतो, आणि कोरडा पेंढा व राहिलेल्या जुन्या गोधड्या गाडीत घालून जवळच्या भट्टीवर नेतो. यंदा दोन गाड्या लागतील असा अंदाज आहे. ज्यांच्या खळ्यात पेंढा उरला असेल त्यांनी नाताळापूर्वी शाळेत निरोप द्यावा.